पिंटीचा फॉर्म आणि दोन सह्या

तीर्थरूप दादा आणि वहिनी,

धाकट्याचा वाकून नमस्कार (खरोखर वाकलो, पेन पलंगाखाली गेलं होतं). धरणाच्या कामावर तुम्हा दोघांची तब्येत कशी आहे? वहिनींचा खोकला कोरडा की ओला, तेवढं कळवावं. इकडे सगळं क्षेम आहे. जे नाही ते पुढे लिहितो.

सोमवारी तुमच्या पिंटीच्या शाळेतून बोलावणं आलं. मुलांच्या मनाचं बघायला तिथे एक बाई नेमल्या आहेत. मूल त्यांच्याकडे जायचं तर आईबापाची लेखी परवानगी लागते. मी सातवीतून सुटलेला, पण हक्क मला कळतात. आमच्या पोरीच्या मनात डोकावणाऱ्या तुम्ही कोण, असं ठणकावून विचारायचं ठरवून कुलपांचं दुकान बंद केलं. (कोपऱ्यावरून तीनदा परत येऊन कुलूप ओढून पाहिलं. कुलूप मीच बनवलेलं, म्हणूनच खात्री नव्हती.) बाईंनी मला पहिलीच्या खुर्चीत बसवलं. गुडघे हनुवटीला टेकले की माणसाला ठणकावता येत नाही.

बाई म्हणाल्या, पिंटी दप्तर पाच-पाचदा तपासते, फाटकातून परत येऊन वर्गाची कडी बघते. मी म्हटलं, "घरचं वळण आहे, बाई!" मग त्यांनी परीक्षेचं सांगितलं. पिंटी पेपर तपासतच बसली, देईचना. मास्तरांनी ओढताना तो फाटला, आणि पोर तासभर रडत होती. दादा, मला ती काही बोलली नव्हती. काका काळजी करेल म्हणून.

"घरात असं आणखी कोण करतं?" बाईंनी विचारलं. मी पुष्कळ विचार केला, उठून त्यांच्या दाराची कडी पाहून आलो आणि म्हटलं, "कोणी नाही."

बाई हसल्या नाहीत. म्हणून त्या मला बऱ्या वाटल्या. पिंटीलाही त्यांच्याकडे जायचं आहे, पण काकाची सही चालत नाही (चारदा विचारून घेतलं).

तुमचा धाकटा

ता. क. फॉर्म सोबत आहे. पेन्सिलीची फुली आहे तिथे सही करावी. पोर रोज विचारते.

ता. क. दुसरा कागद माझा. मोठ्यांना परवानगी लागत नाही म्हणतात, पण तुम्हाला न विचारता मी आजवर काय केलंय? त्यावरही करावी.

ता. क. बाबा, मी पिंटी. फॉर्म आत आहे का ते बघून बघून काकाने दोन पाकिटं फाडली. हे तिसरं मीच चिकटवतेय. मी एकदाच बघितलं.