यादी एकच आहे

८ जून
हूटगळ्ळीच्या इंग्लिश क्लासचा पाचवा रविवार. बढतीची परीक्षा तिसऱ्यांदा देतेय, ऑफिसच्या नियमाने शेवटची. आधी दोन्ही वेळा इंग्लिशमध्येच नापास झाले. आज वाक्यदुरुस्ती. 'द लिस्ट ऑफ नेम्स'पुढे इज की आर? हुणसूरहून बसने येणाऱ्या काव्याने इज लिहिलं. सर म्हणाले, "नेम्स किती? पुष्कळ. मग आर. डोकं घरी ठेवून येतेस का?" सगळे हसले. मीपण.

९ जून
दिवसभर तेच डोक्यात. डबा खाताना मराठीत म्हणून पाहिलं. नावांची यादी मोठी आहे. 'यादी मोठी आहेत' असं आमच्या म्हैसुरी मराठीतसुद्धा कुणी म्हणणार नाही, आणि आम्ही काय वाट्टेल ते म्हणतो. नावं शंभर असोत, यादी एकच. व्याकरणाचं पुस्तक काढलं. तेच. म्हणजे पोरगी बरोबर होती आणि मी हसले. संताप संताप. दोन पोळ्या करपल्या.

१५ जून
आज उभी राहिले. "सर, कर्ता यादी आहे, नावं नव्हेत. इज पाहिजे."
"छापील उत्तरात आर आहे."
"मग छापील चुकलंय."
माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असेल हा माणूस. "सुम्ने कूतकोळ्री, गप्प बसा, मॅडम. दोनदा नापास कोण झालंय, मी की तुम्ही?"
बसले नाही. वही पिशवीत कोंबली, बाहेर पडले. वाटलं, काव्या तरी उठेल. खाली मान घालून लिहीत होती.
घरी यांना सांगितलं. "एका शब्दासाठी क्लास सोडलास?" भांडी आपटत घासली.

१९ जून
पहाटे पन्नास वाक्यं. कर्त्याखाली रेघ मारायची, मधलं बोटाने झाकायचं, मग क्रियापद. आज तीनच चुकली. इतकं साधं होतं, आणि पाच रविवार त्या माणसाने फुकट घालवले.

२२ जून
संध्याकाळी काव्याचा फोन. सरांनी तेच वाक्य परत घेतलं. इज शिकवलं. आधी आर सांगितलं होतं, त्याबद्दल चकार शब्द नाही.
"माझं नाव काढलं?"
"नाही, अक्का." मग म्हणाली, "मी उठायला पाहिजे होतं."
"अभ्यास कर," एवढंच म्हटलं. तिच्यावरचा राग गेला का, माहीत नाही. त्याच्यावरचा दुप्पट झालाय.
पुढच्या रविवारी क्लासात सराव परीक्षा. हे विचारतायत, "जाणार का?" मी वही उघडून कर्त्याखाली रेघा मारतेय.