मर्डोआजोबांचा बाप

बालनाक्रॉय, रॉसशायर
४ मार्च १९५६

चि. हेक्टर यास एफीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. डनीडनच्या स्कॉटिश मंडळाच्या ग्रंथात आपली वंशावळ छापायची म्हणून मर्डोआजोबांच्या वडिलांचं नाव हवं, तेही मेअखेर. तुला तिकडे सातासमुद्रापार बसून पत्र लिहायला काय जातं? इथे माझे गुडघे आहेत.

तरी एडिंबरोला जाऊन आले. जुन्या नोंदवह्या तिथेच ठेवतात. कारकून म्हणाला, तुमच्या गावात दर तिसरा माणूस मर्डो. बापाचं नाव सांगा, म्हणजे शोधता येईल. मी म्हटलं, बाबा रे, ते ठाऊक असतं तर मी घरी कोंबड्यांना दाणे टाकत बसले असते. दोन दिवस पानं उलटली. शेवटी सापडलं: १८३८, मर्डो गिलँडर्स, बाप अ‍ॅलस्टर, धनगर. साल जुळतं. हाच असणार.

प्रकृतीला जप. मायेत खंड नको.

तुझी एफीताई

डनीडन
२० मार्च १९५६

ती. एफीताईस हेक्टरचा सा. न. वि. वि.

ताई, तू कमाल केलीस. आजोबांनी जन्मभर बापाचं नाव काढलं नाही, आणि तू दोन दिवसांत शोधलंस. शनिवारच्या सभेत मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आमच्या ऊनाने वंशवृक्ष रंगवून भिंतीवर लावलाय. अ‍ॅलस्टर सगळ्यात वर. आता अ‍ॅलस्टरचा बाप कोण तेवढं बघ. गुडघ्यांना लोकरीची पट्टी बांध.

आशीर्वाद असू दे.

हेक्टर

बालनाक्रॉय
९ एप्रिल १९५६

चि. हेक्टर यास अनेक आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. अ‍ॅलस्टरची कबर पाहायला चर्चच्या आवारात गेले. दगडावर शेवाळ होतं, ते खरवडलं. अ‍ॅलस्टरच्या नावाखाली लिहिलंय: पुत्र मर्डो, वय वर्षे दोन.

आपले आजोबा सत्तर वर्षं जगले. मी त्यांच्या मांडीवर बसलेय. तेव्हा तो मर्डो आपला नव्हे. भिंतीवरून अ‍ॅलस्टरला उतरव.

रागावू नकोस.

एफीताई

डनीडन
२२ एप्रिल १९५६

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नको म्हणतेस. आधी कबर बघायची आणि मग कळवायचं, एवढं सुचू नये? मंडळाचे चिटणीस मॅकआस्किल भेटेल तिथे विचारतात, काय गिलँडर्स, या आठवड्यात बाप कोण? लोक हसतात. मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आहे, ताई.

स्पष्टच विचारतो. आई शेवटी तुझ्याजवळ होती. ती काही बोलली होती का? ठाऊक असून तू लपवत तर नाहीस ना?

हेक्टर

बालनाक्रॉय
१२ मे १९५६

चि. हेक्टर यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस चूल पेटवावीशी वाटली नाही. लपवायचं असतं तर एडिंबरोचे जिने चढले असते का मी? आई काही बोलली नाही. तिलाही ठाऊक नसावं.

रागाच्या भरात पाद्रीसाहेबांकडे गेले. त्यांना म्हटलं, कपाट उघडल्याशिवाय मी हलणार नाही. त्यांनी चहा दिला, उद्या या म्हणाले. मी बसून राहिले. शेवटी चर्चच्या पंचांच्या बैठकांची वही काढून दिली त्यांनी.

ऑक्टोबर १८३८. बार्बरा गिलँडर्स, शेतावरची मोलकरीण, लग्नाशिवाय मूल. मुलाचं नाव मर्डो. हेक्टर, गिलँडर्स हे आडनाव तिचं आहे. आपण तीन महिने गिलँडर्स बाप शोधत होतो. तसा कुणी नव्हताच.

पंचांनी तिला बापाचं नाव विचारलं. ती बोलली नाही. म्हणून तीन रविवार चर्चमध्ये सगळ्या गावासमोर उभं केलं. प्रत्येक रविवारी विचारलं, प्रत्येक रविवारी गप्प. चौथ्या वेळी बोलावलं, तर मूल पाठीशी बांधून ती गाव सोडून गेली होती. वही तिथेच संपते. आजोबा मोठेपणी गावात परत आले हे आपण ऐकलं होतंच; बापाचं नाव ते का काढत नसत, तेही आता जुळतं. विशीची होती.

खरं सांगू, मला तिचाही राग आला. एक नाव सांगितलं असतं तर सुटली असती, आपणही सुटलो असतो. मग घरी येईपर्यंत रडत आले. का, ते विचारू नकोस.

आता ग्रंथात काय लिहायचं ते तू ठरव. मी थकले.

एफीताई

डनीडन
३० मे १९५६

ती. एफीताईस हेक्टरचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात जे लिहिलं त्याबद्दल तुझे पाय धरतो. माझी जीभ लहानपणापासून अशीच, तुला नवीन नाही.

काल सभेत तुझं पत्र वाचलं. कुणी हसलं नाही. मॅकआस्किल मला बाजूला घेऊन म्हणाले, हे छापायलाच हवं असं नाही, पान गाळू. मी नको म्हटलं. चिडचिड अजून गेलेली नाही, ताई. तो माणूस कोण होता, तिला उभं करत होते तेव्हा तो त्याच बाकांवर बसला होता का, हे आता कधीच कळणार नाही.

बार्बराचं नाव सगळ्यात वर घातलं. बापाच्या रकान्यात मॅकआस्किल ‘अज्ञात’ लिहायला निघाले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, अज्ञात कसा? तिला माहीत होता. ‘सांगितलं नाही’ असं लिहा.

तसंच छापणार आहेत.

तुझाच,
हेक्टर