तात्यांना सांगायचं राहिलं

शनि. ४ जाने.
चांदे गाव. खाली घरमालकांकडं जेवताना तात्यांनी पकडलं.
"काय गं मॅडम, हिच्या भाजीला भिऊन डोळं मिटतीस व्हय?"
डोकं दुखतंय, म्हटलं.
"आठ म्हैनं? अन् ताट आल्यावरच?" काकू हसल्या. मग तात्या हळू आवाजात: "काय म्हणतीस ते एकदा मोठ्यानं म्हण की. आईकू दे मला बी."
उद्या, म्हटलं.
मी ख्रिस्ती आहे हे खोली घेतानाच सांगितलंय. पण धर्म शिकवायला आलीय, असं गावात कुणी म्हणायला नको.

रवि. ५
चर्च. पाळक: विश्वासाचं भाषण नको, सहज बोलण्यात येऊ द्या. या आठवड्यात कुणाशी बोललात?
हात वर केला नाही.
जेवण वर मागवलं. काम आहे, सांगितलं. काम नव्हतं.

सोम. ६
आजही वरच.

मंगळ. ७
तात्या गेले. सकाळी, गोठ्यात. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

शुक्र. १०
सकाळी सहाला जिन्यावर काठी. ठक, ठक. तात्या याच वेळी काठी टेकत दूध घेऊन यायचे.
तपासलं. खालची मोटर चालू झाली की जिन्यातला पाइप भिंतीवर आपटतो. क्लॅम्प सैल होता. आवळला.

शनि. ११
आवाज आला. क्लॅम्प घट्टच आहे.

गुरु. १६
दहावा. रजा टाकून नदीवर गेले. पिंड मांडला. झाडावर सात कावळे, एकही खाली येईना.
मुलगा, संतोषदादा, हात जोडून: "तात्या, आईला सांभाळीन." नाही. "गोठा मोडणार न्हाई." नाही. "वरची जमीन इकणार न्हाई." तरी नाही. दीड तास. बायका कुजबुजायला लागल्या, इच्छा राहिली म्हणून.
मी हे मानत नाही. तरी मनात म्हटलं: सांगते, तात्या. तेही मनातच.
शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. काकूंनी तोंड फिरवलं.

रवि. १९
तेरावा. पाहुणे गेल्यावर काकू वर आल्या. जिना चढून दम लागला होता.
"तुला काय बोलले हुते का गं? कशात जीव अडकला त्येंचा?"
नाही काकू.
डोकं, काम, आणि हे. तिसरं खोटं. येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला तिसऱ्यानंतर रडू तरी आलं होतं.

मंगळ. २१
सांगितलं.
जेवण घेऊन वर आलेल्या काकूंनी रोजच्यासारखा कावळ्यासाठी एक घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि माझं ताट वाढलं. मी हात लावला नाही. डोकं कधीच दुखत नव्हतं काकू, म्हटलं. जेवणाआधी देवाचे आभार मानते. तात्यांना ते ऐकायचं होतं. मी उद्या म्हटलं, आणि दोन दिवस खाली आलेच नाही.
काकूंनी ताट माझ्याकडं सरकवलं.
"एवढंच?"
एवढंच.
"मग का न्हाई सांगितलंस?"
उत्तर होतं: गाव काय म्हणेल. तिथं बसून फार लहान वाटलं.
"आता म्हण. त्येंना आईकू जाईल असं."
प्रार्थना त्यांना नसते, देवाला असते, हेही सांगितलं. आता खोटं नको होतं.
"मग त्येला म्हण, ह्येंना सांग म्हणावं."
प्रार्थना म्हटली. अन्नाबद्दल, रांधणाऱ्या हातांबद्दल, तात्यांबद्दल आभार. चार वाक्यं. मग आमेन. डोळे उघडले तर काकू कठड्याकडं बघत होत्या. घास तसाच.
"उद्या परत म्हण."

बुध. २२
सहाला आवाज आला. उठून गच्चीत गेले. घास नव्हता. कावळा, मांजर, काहीही असेल.
मागून काकू, दाराला धरून: "कावळा व्हता ना गं?"
हो म्हणणं फार सोपं होतं.
मी पाहिलं नाही, काकू.
मोकळ्या कठड्यावरून त्यांनी हात फिरवला. "बरं. सांच्याला लवकर ये. म्हणायचंय."
जाताना जिन्यात थांबल्या. मी क्लॅम्पकडं बघत होते, त्याही.
"तुला बी आईकू येतं व्हय?"