ह्यांच्या डोळ्यापायी माझी कपात

३ एप्रिल, उदगीर
लातूरहून परत आलो. ह्यांना काचबिंदू. गेलेली नजर येत नाही, उरलेली टिकवायची तर ऑपरेशन लवकर करा, म्हणाले डॉक्टर. बसमध्ये खिडकीशी बसून हे म्हणतात, "आभाळ भरून आलंय बघ, समदं धूसर झालंय." बाहेर लख्ख ऊन. मी हाव म्हणाले.

५ एप्रिल
पेन्शनर मंडळात दवाखान्याची नवी योजना. जास्त पेन्शन, जास्त कपात. नवराबायको दोघंही पेन्शनर असले तर कार्ड एकच, कपात मोठ्या पेन्शनीतून, संमती मात्र दोघांची. आमच्यात मोठी माझी. मी मुख्याध्यापिका, हे तहसीलच्या जीपवर ड्रायव्हर.
"माझ्या डोळ्यापायी तुझं कापायचं? न्हाई. आन् जल्मभर नोकरी करून वर दवाखान्याला आपणच भरायचं?"
दुसरं बोलणं पटतं. पहिल्याचा राग आला.

९ एप्रिल
टँकर नाही. बोअर कधीचीच आटली. दुपारी डोळा लागला. स्वप्नात मांजरा नदी दुथडी वाहतेय, हे जीप चालवतायत, मी शेजारी, चपला हातात. रस्ता पाण्याखाली, तरी ह्यांना सगळा दिसतोय. जाग आली तर घसा कोरडा. तशीच पडून राहिले, उठावंसं वाटेना...

१२ एप्रिल
नवं खूळ. उदगीर जिल्हा होणार म्हणे.
"जिल्हा झाला की मोठा सरकारी दवाखाना हितंच. थांबू की जरा."
"जिल्हा थांबेल हो. डोळा थांबेल का?"
हसले नुसते. चहा बशीत ओतताना निम्मा बाहेर. मी पाहिलंच नाही असं केलं.

१७ एप्रिल
मंडळाची बैठक. जिल्हा होईपर्यंत कपात नको, असंच बहुतेकांचं. अध्यक्ष म्हणाले, तयार असतील त्यांनी हात वर करा. मी केला. आणखी दोघांनी. बाकीच्यांचे हात खालीच.
हे कानाशी, "कितीजणांनी केला गं?"
"सगळ्यांनीच."
"समद्यांनी?"
"तुम्ही सोडून."
हे खुर्चीत सरसावून बसले. मग हात केला वर, सरळ, ताठ. मागून कुणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आनंद तर इतका, की...
घरी येताना माझा हात धरून चालत होते. "समदेच तयार झाले म्हंजी योजना चांगली असंल," म्हणाले.
सकाळी पारावर जातीलच, सगळ्या पेन्शनरांत बसायला. ऑपरेशनची तारीख मिळायचीय अजून.