न्हाणी कोणी धुतली

मुळगाव, डिचोली
रविवार, १२ फेब्रुवारी १९८९

विमलावहिनी,

नमस्कार. दीड वर्षानं माझं अक्षर पाहून पत्र न वाचताच ठेवून द्यावंसं वाटेल. तरी वाचा. इकडे सगळी बरी आहेत. आईंचा खोकला थंडीत उचलतो, पण आता त्या रोज देवळापर्यंत चालत जाऊन येतात. मांद्र्याला कृष्णनाथ भावोजींचा जम बसला का? तुमच्या माहेरची माणसं मायेची, त्यामुळे काळजी नाही.

आधी चांगली बातमी सांगते. महिला मंडळानं मला चक्क भाषणाला उभं केलं. विषय, घराची सफाई. खाणीच्या ट्रकांची लाल धूळ आता पोह्यांच्या डब्यातसुद्धा सापडते, म्हणून बायकांनीच मागणी केली होती. पणजीहून एक सरकारी बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोकणीतून बोलणार की मराठीतून?" या प्रश्नावरून गावात माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झालीत, तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटलं, "ज्यातून धूळ जाईल त्यातून." सगळ्या हसल्या आणि माझी भीती गेली.

पहिल्यांदा मी केरसुणीच बाजूला ठेवली. कोरड्या केरसुणीनं ही धूळ जात नाही, नुसती उठते आणि तासाभरानं परत खाली बसते. मधल्या वेळात ती आपल्या नाकात असते. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा ओला करून घट्ट पिळायचा, काठीला गुंडाळायचा आणि आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे ओढत आणायचा. जनेलाच्या गजांना दुसरा तुकडा, दुसऱ्या बालदीतला. न्हाणीच्या शेवाळाला नारळाच्या काथ्याचं सोडण आणि रिठ्याचं पाणी. पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणाला ठेचलेली बिंबलं आणि चाळलेली राख. नव्या मोझेकला मात्र बिंबल लावायचं नाही, आंबट रसानं चकाकी मरते. हे मी आमच्या सोप्याची लादी खराब करून शिकले, तेही सांगून टाकलं. भाण तिथेच घासून दाखवला. सरकारी बाई म्हणाल्या, हे सगळं लिहून द्या, आम्ही इतर गावांत नेऊ. आणि खाली फक्त माझं नाव लिहून घेतलं.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी माझ्या त्या सफाईच्या विकतच्या बाटल्यांचं विचारलं, "गो कमलाक्षी, तूं पयलीं म्हापशाच्यान बाटल्यो हाडटाली मगो? त्यो कित्याक सोडल्यो?"

मी म्हटलं, "आईंच्या खोकल्यामुळे."

टाळ्या पडल्या. खोटं नव्हतं ते, पण मी जिथे थांबले तिथे थांबायला नको होतं. वहिनी, त्या पूर्ण तासात मी बोलले त्यातली मोझेकची गोष्ट सोडली तर एकही माझी नव्हती. लुगड्याचा तुकडा तुमचा, रिठे तुमचे, राख चाळायची ती फाटकी चाळणसुद्धा तुमची, ती अजून खुंटीला आहे. लग्न होऊन तुमच्यामागून या घरात आले तेव्हा यालाच मी गावठी म्हणत असे. पाहुणे यायचे असले की मी म्हणायचे, ती सोडणं आधी मागीलदारी टाका. तुम्ही मुकाट्यानं टाकत होता.

आता त्या दिवसाचं लिहिते. याच्यासाठीच बसले आहे, बाकीचं सगळं हात धीट व्हावा म्हणून लिहिलं.

गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यातली गोष्ट. तुम्ही सकाळी न्हाणी सोडणानं घासून गेलात. कडेला हिरवा पट्टा राहिला होता. मला तो तुम्हाला दाखवायचा होता. माझ्या बाटल्या एका मिनिटात काय करतात ते दाखवायचं होतं. मी आधी ब्लीचिंग पावडर पसरली. ती लगेच लागू पडेना म्हणून वरून अॅसिड ओतलं. पाऊस आत येत होता म्हणून जनेल बंद होतं. एकदम असा वास उठला की मी तोंडावर पदर धरून बाहेर पळाले. हवा खेळेल, वास जाईल, असं मनाशी म्हणत अंगणातले कपडे काढायला गेले. तेवढ्यात आई आंघोळीला आत शिरल्या. मी त्यांना आत जाताना पाहिलं नाही, हे खरं आहे. पण दार उघडं टाकून गेले, आणि कोणाला एक शब्द बोलले नाही, हेही खरं आहे.

आईंना बाहेर काढलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. ह्यांनी ओरडून विचारलं, "न्हाणी कोणी धुतली?"

मी म्हटलं, "वहिनींनी."

म्हापशाच्या डॉक्टरांनी विचारलं, धूर कसला गेला छातीत? तेव्हा घरच्यांनीच ठरवून टाकलं, विमलेनं ओली सोडणं भाणाखाली पेटवली असणार. तुम्ही म्हणालात, "आज मी भाण पेटवलाच नाही." आणि माझ्याकडे पाहिलंत. मी खाली पाहिलं. ह्यांनी तुम्हाला काय काय बोलून घेतलं ते परत लिहीत नाही. आठ दिवसांत भावोजींनी ट्रंका भरल्या.

भाषणानंतर तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी सगळी जेवायला बसलेली असताना मी उभी राहिले आणि वर लिहिलंय तसंच सगळं सांगितलं. हे हातातला घास ताटात ठेवून उठले आणि कुळागरात पोफळींखाली जाऊन बसले. आई तेवढ्या म्हणाल्या, "आदीं विमलाक बरय. तोवर म्हज्याकडेन उलोवं नाका." आधी तुम्हाला लिहायचं, तोवर बोलणं बंद; तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

काल मंडळात जाऊन तेही केलं. त्याच बायकांसमोर, त्याच जागी. या वेळी टाळ्या नव्हत्या. दोघी उठून गेल्या. एकीनं विचारलं, "मग त्या पत्रकावर नाव कोणाचं?" मी म्हटलं, सौ. विमला कृष्णनाथ. पणजीला तसं लेखी कळवलं आहे. त्यात न्हाणीची हकीगतही घातली आहे, पावडर आणि अॅसिड एकत्र आलं की काय होतं ते. आई वाचल्या. दुसऱ्या घरात कोणी वाचेल न वाचेल.

माफ करा असं लिहून मोकळी होणार नाही. शुक्रवारी सकाळच्या बसनं म्हापशाला येते, तिथून मांद्र्याला. हेही बरोबर येणार आहेत. आज सकाळी एवढंच म्हणाले, "तिला बोललो तो मी. आवाज माझा होता." तुमच्या आईसमोर, भावासमोर आम्ही दोघं बोलू. घरात घेतलं नाहीत तर अंगणातून बोलू, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. परत मुळगावला या असं म्हणायला मी येत नाही. ते म्हणण्याचा अधिकार आईंचा, आणि यायचं की नाही हे तुमचं.

धाकटी जाऊ म्हणून सही करायला हात धजत नाही. तुम्ही तसं म्हणेपर्यंत नुसती,

कमलाक्षी