घरातलंच निघालं

२७ नोव्हेंबर २००७

कॉलेज बंद! आप्पा सकाळी एवढंच म्हणाले, आजपासून घरी बसायचं. कारण नाही, काही नाही. न्याहारी न करताच पिकअप काढून नारायणगावला मार्केटला गेले. आईला विचारलं तर म्हणे गप बस, त्यांचं डोकं ठिकाणावर न्हाई.

मी केलं काय? निरगुडसरहून एसटीनं मंचरला जाते, अकरावीचे तास करते, परत येते. बस्स.

२८ नोव्हेंबर

कळलं. आप्पांच्या मोबाईलवर फोन येतायत. "अश्विनी है क्या?" नगरचे, दिल्लीचे, कुठले कुठले. आप्पांना वाटतंय नंबर मीच पोरांना दिला. घरात मोबाईल एक, तो त्यांच्या खिशात. नंबर तर पिकअपच्या मागंच रंगवलाय, सगळ्या रस्त्याला दिसतो. हे बोलले तर थोबाडीत बसली. आजवर कधी हात उगारला नव्हता त्यांनी. फार लागलं नाही, पण राग जात नाहीये.

३० नोव्हेंबर

समृद्धी आली. माझ्या वर्गातली, अवसरीची. जर्नल द्यायचं निमित्त करून आली. आई गोठ्यात गेल्यावर बोलली.

इंटरनेटवर ऑर्कुट म्हणून आहे, तिथं माझ्या नावाचं पान काढलंय कुणीतरी. माझा फोटो, आप्पांचा नंबर. आणि मी म्हणे कुणाबरोबरही... नाही लिहवत. मंचरच्या सायबर कॅफेत पोरं घोळक्यानं बघतात. माझ्या फिजिक्सच्या वह्या नेणाऱ्या पोरानंसुद्धा खाली काहीतरी घाण लिहिलंय. समृद्धी म्हणाली, तक्रारीचं बटण असतं, ते दाबलंय, बघू. रडत होती बिचारी. मला रडू आलं नाही.

फोटो कसला, विचारलं. हिरवी साडी, हातात बुंदीचं ताट.

म्हणजे दसऱ्याचा! आळे गावी शीला आत्यांची घरभरणी होती तेव्हाचा. कॅमेऱ्याचा मोबाईल तिथं एकाकडंच होता, आत्यांच्या पोराकडं, आदेशकडं. त्या दिवशी सगळे त्याला चिडवत होते, मामाची पोरगी आलीय, तिलाच वाढायला सांगा. मी भर पंगतीत म्हटलं, आधी दहावी तर होऊ दे त्याला. सगळी पंगत हसली. तोही हसला आणि मोबाईल वर धरून फोटो काढला. दोनदा नापास झालाय, खोटं काय बोलले मी? परत बोलेन.

पण एवढ्यासाठी? एवढ्यासाठी!

१ डिसेंबर

आईला सांगितलं. कांद्याची रोपं उपटत होती. ऐकून घेतलं आणि पुढच्या वाफ्यात गेली. तिला पुरतं समजलं की नाही, कोण जाणे. उद्या आप्पांना सांगणार.

२ डिसेंबर, रविवार

मी सांगायच्या आत आत्याच आल्या. पेढे घेऊन. बरोबर आदेश. म्हणाल्या, कानावर आलंय सगळं, पोरीचं नाव बाहेर गेलंय, आता तिला कोण करणार? मीच सून करून घेते. तुळशीची लग्नं झालीत, उरकून टाकू. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. बहिणीचे हात धरले त्यांनी. आदेश ओट्यावर मोबाईलशी चाळा करत बसला होता. माझ्याकडं बघून हसला मेला. पाण्याचा तांब्या त्याच्या डोक्यात घालावा वाटत होता.

३ डिसेंबर

सांगितलं आप्पांना. साडी, बुंदी, मोबाईल, सगळं. वाटलं, आता उठतील, आळ्याला जाऊन त्याला बडवून काढतील. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले,

"म्हंजी बाहेरचं कोन न्हाई. घरातलंच हाय."

आणि सुस्कारा सोडला! बरं वाटलं त्यांना! म्हणे पोरगं येडं हाय, जीव असंल तुझ्यावर, लगीन झाल्यावर कोन इचारतंय. मी म्हटलं चौकीत जाऊ. तर म्हणे सख्ख्या बहिणीच्या पोरावर केस करू व्हय? इतक्या दिवसांनी आज पोटभर जेवले.

५ डिसेंबर

रविवारी सुपारी. मला कुणी विचारलं नाही.

७ डिसेंबर

आप्पा आंघोळीला गेले होते. फोन वाजला, आईनं उचलला. मी भांडी घासत होते. आई नुसती ऐकत उभी. आप्पा पहिल्या शब्दालाच तोडतात, म्हणून घरात कुणी ते पुरतं ऐकलंच नव्हतं. हिनं ऐकलं. मग मोबाईल खाली ठेवला आणि पदरानं कान पुसला.

"तुजं नाव घेऊन बोलत व्हता गं," म्हणाली.

दिवसभर मग कुणाशी बोलली नाही. मीठ नसलेली आमटी झाली, आप्पा ओरडले, तरी नाही.

९ डिसेंबर, रविवार

सगळी भावकी बसली होती. भिमाजी आजोबांनी, आप्पांच्या चुलत्यांनी, सुपारी हातात घेतली. तेवढ्यात आई आतून आली. आमच्यात बायका बैठकीत येत नाहीत. डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहिली.

"सुपारी फोडू नका. पोरगी द्यायची न्हाई."

आप्पा म्हणाले आत जा. गेली नाही. आत्या म्हणाल्या, मग हिला करनार कोन?

"तुमच्या पोरानं माज्या पोरीला काय काय ऐकवायला लावलं, ते मी ह्या कानांनी ऐकलंय. त्याच्या घरात तिला कशी धाडू?"

आत्या उठल्या. माझा भाऊ मेला म्हणाल्या, आता भाऊबीजेलाही यायची नाही. आप्पा जाऊन पिकअपमध्ये बसून राहिले, पार जेवायची वेळ टळेपर्यंत. निघताना आदेश माझ्याजवळून गेला. हळूच म्हणाला, फोटो काढून टाकनार व्हतो, आता बग.

मला भीती वाटतेय. आईलाही वाटत असणार.

११ डिसेंबर

फोन दुप्पट झालेत. आप्पा आईशी बोलत नाहीत.

१३ डिसेंबर

आज आईनं कॉलेजला धाडलं. पोरं हसली. पहिल्या बाकावर बसले.

आप्पा सकाळी मोबाईल आईपुढं ठेवून मार्केटला गेले. आता वाजला की आईच उचलते. "तिची आई बोलतीय," म्हणते. "बोल."