दाढोबाची व्यवस्था

मी दादू रामा पिलणकर, वय वर्षे एकसष्ट, रत्नागिरी बंदरावरच्या जकात कचेरीतला पेन्शनर कारकून, राहणार पेठ किल्ला, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना माझ्या हाताने लिहितो. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलून लिहवून घ्यावे एवढी अक्कल आमच्या घरात कोणाला नाही. डॉक्टरांनी माझ्या पोटातली गाठ चाचपली आणि पुढच्या शिमग्याचे नाव काढले नाही, त्यावरून मी काय ते समजलो.

माझ्या तेराव्याचे जेवण उरकले की विडे वाटण्याआधी सखाराम मास्तरांनी हा कागद घरापुढच्या खळ्यात उभे राहून मोठ्याने वाचावा. भागोजीने व मथुरेने शेवटपर्यंत समोर उभे राहायचे आहे. बसायला पाट देऊ नये. माझी बायको सावित्री हिला पावसहून, तिच्या माहेराहून, आणवून ओटीवर बसवावे. भाट्याच्या खाडीवर तिच्यासाठी वेगळी होडी करावी. भाडे माझ्या पैशातून द्यावे.

कलम १. माझा धाकटा भाऊ भागोजी याला माझी छत्री, चष्मा आणि एक पत्र्याचा डबा द्यावा. डब्यात दीड शेर शेंदराची खरवड आहे. ती कशाची, हे तो पुढे ऐकेलच. चष्म्याचा त्याला उपयोग नाही, कारण त्याने आयुष्यात काही नीट पाहिलेले नाही.

कलम २. आमच्या घरात दाढोबा म्हणून जो पुरुष आहे त्याची हकिगत अशी. आमचे आजोबा बाबल्या तांडेल यांच्या जाळ्यात मिऱ्याच्या बाहेर एक दगडी बुधला आला. वीतभर पोट, अरुंद गळा, पाठीमागे मूठ, आणि गळ्यावर दाढीवाल्या माणसाचे तोंड. आजोबांनी भर दर्यात हात जोडले. दर्यातला पुरुष आपण होऊन आला म्हणून घरात बसवला, शेंदूर लावला, तोंडावर नारळाची करवंटी बसवून तीही शेंदराने लिंपली. दर नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जुनी करवंटी काढायची, पौर्णिमेला नवी बसवायची, नवे पूट चढवायचे, आणि लिंपण्याचा मान घरच्या वडील पुरुषाचा. घरात तंटा झाला की दाढोबाच्या पोटावर हात ठेवून शपथ घ्यायची. खोटी घेतली तर चार दिवसांत दाखवतो, असे सगळे मानीत. मीही मानीत होतो.

कलम ३. सन १९११ साली नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भागोजीची बायको मथुरा हिची एकवीस पुतळ्यांची माळ नाहीशी झाली. ती सावित्रीनेच घेतली, असे मथुरा म्हणाली. दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी सावित्रीने दाढोबाच्या पोटावर हात ठेवला आणि मी घेतली नाही म्हणून शपथ वाहिली. लगोलग मी नवी करवंटी बसवली व तोंड लिंपले. चौथ्या दिवशी आमची मुलगी गोदा तापाने गेली. दीड वर्षाची होती. भागोजी म्हणाला, “देवानं दाखवलं.” पोरीला पुरून आलो त्याच ओल्या धोतराने मी सावित्रीला म्हटले, “तुझं गाठोडं बांध.”  गाठोड्यात तिने गोदाचे झबले घेतले, तेही मी काढून ठेवायला लावले.

कलम ४. अकरा वर्षांनी कचेरीत एका साहेबाचे जुने पुस्तक आले. त्यात वलंदेजांच्या, म्हणजे डच लोकांच्या, गलबतावरच्या सामानाची चित्रे होती. एका चित्रात आमचा दाढोबा होता, आणि शेजारी त्यातून पिणारा खलाशी. मी त्या दिवशी जेवलो नाही.

घरी येऊन मी सांगितले की देवाला शेंदराचे कवच टाकायचे आहे, मला दृष्टांत झाला. लोक असल्या गोष्टीला लगेच माना डोलावतात. खोलीला आतून कडी घालून मी आठ दिवस ऊन खोबरेल चोळून पुटामागून पूट उतरवले. कवच दर्यात सोडायचे असते. मी ते डब्यात भरून ठेवले, भागोजीसाठी. खाली पिंगट, नारिंगाच्या सालीसारखे खरबरीत अंग निघाले. पोटावर शिक्का, शिक्क्यात १६४१. मग करवंटी फोडून मी बुधला उपडा केला, तेव्हा मथुरेची माळ माझ्या धोतरावर पडली.

सावित्रीने ज्या पोटावर हात ठेवला होता त्याच पोटात ती माळ होती, आणि वरून तोंड मी लिंपले होते. मथुरेने ती का टाकली हे तिलाच विचारा. टाकताना तिला वाटले असेल की आठवड्याने काढू. पण त्या अरुंद गळ्यात हात जात नाही, आणि देवाला उपडा कोण करणार?

कलम ५. सन १९२३ च्या जानेवारीत मी औषधाचे निमित्त करून आगबोटीने मुंबईस गेलो व बुधला एका संग्रहालयातल्या जाणत्या साहेबापुढे ठेवला. त्याने तळ उजेडात धरून चाकावरून तारेने कापल्याच्या कमानी मला दाखवल्या, नखाने वाजवून आवाज ऐकवला. भट्टी लाल झाली की तिच्यात मीठ टाकतात आणि त्याची वाफ मातीवर काच होऊन बसते, असे तो म्हणाला. भांडे जर्मन मुलखातले; शिक्क्यातले साल साच्याचे असल्याने भांडे चार-दोन वर्षे अलीकडचे; बहुधा वेंगुर्ल्याच्या वलंदेज वखारीकडे जाताना बुडालेले. दारूचे आहे. किंमत चारशे रुपये.

मग मी माळही पुढे केली. ओळखली होतीच. तरी मला वाटत होते, त्याने हीदेखील पावणेतीनशे वर्षांची म्हणावी. तसे म्हणाला असता तर मी सुटलो असतो. त्याने गोंडा बोटांत धरून म्हटले, “हा दोरा कालचा आहे. ही समुद्रातून आलेली नाही.” आणि सगळे पत्रात लिहून सही केली.

कलम ६. मी माळ परत आत टाकली, करवंटी लिंपली, वरून शेंदराचे पातळ पूट दिले आणि दाढोबाला माझ्या कपाटात कुलपात ठेवले. किल्ली कडदोऱ्याला. तेव्हापासून तेरा वर्षे मथुरेने मला माशाचा मधला तुकडा वाढला, पाय चेपले, कपडे धुतले. मला माहीत आहे की नाही, हे तिला कळत नव्हते. दर पौर्णिमेला मी कपाट उघडी आणि म्हणे, “मथुरे, पोटावर नीट हात ठेव.” ती बोटांची टोके तेवढी टेकवी आणि माझ्या कडदोऱ्याकडे बघे. मला ते आवडत असे, हे लिहून ठेवतो. भागोजीला यातले काही ठाऊक नव्हते. तो मनापासून नमस्कार करी. त्याने आता हात धुऊन घ्यावेत.

एवढे वाचून झाले की मथुरेने सर्वांदेखत आपल्या हाताने करवंटी काढावी. माळ तिची आहे. तिने ती तिथेच गळ्यात घालावी आणि तशीच घरात जावी.

कलम ७. या घरातला माझा अर्धा हिस्सा, मागची सात माडांची जागा आणि पोस्टातले पैसे सावित्रीला द्यावेत. भागोजी व मथुरा यांना पडवीत राहायचे असेल तर त्यांनी तिला विचारावे. ती नाही म्हणाली तर मास्तरांनी मध्ये बोलू नये.

कलम ८. दाढोबाचा बुधला सावित्रीचा. गेल्या वैशाखात, गाठ कळल्यावर, मी पावसला गेलो होतो. ती अंगणात आंब्याची साठे उलटत होती. पंचवीस वर्षांनी पाहिली. कपाळावर कुंकू होते, माझ्याच नावाचे. मी सांगितले, माळ दाढोबाच्या पोटात सापडली.

तिने विचारले, “कधी गावली?”

मी म्हटले, “परवा.”

ती म्हणाली, “मग लगेच आलात तुम्ही.” आणि हात धुऊन तिने मला पान वाढले. मी जेवलो.

बुधल्याचे चारशे रुपये साहेबाच्या पत्रामुळे आहेत. पत्र नसेल तर ती लोणच्याची बरणी. पत्रात माळेचा उल्लेख आहे, व वर तारीख आहे, ११ जानेवारी १९२३. ते पत्र सावित्रीला वाचून दाखवावे, आणि तारखेपाशी थांबून पुन्हा वाचावे. तेव्हा आणले असते तर तुझी तेरा वर्षे वाचली असती, सावित्री. पण तुला आणायचे म्हणजे चार माणसांत मान खाली घालावी लागली असती, आणि इकडे मला मधला तुकडा मिळत होता.

खाडाखोडीचा खुलासा: कलम आठमध्ये ‘पत्र’ या शब्दापुढे ‘जाळून टाकावे’ असे आधी लिहिले होते, ते खोडून वरीलप्रमाणे केले आहे. लिहिणाराही मीच व खोडणाराही मीच.

सही: दादू रामा पिलणकर, दस्तुर खुद्द

आमच्यासमोर सही केली. मजकूर आम्हांस दाखवला नाही.
साक्ष: धोंडू सखाराम भाटकर
साक्ष: बाबू आप्पा शिवलकर

मुक्काम रत्नागिरी, तारीख २३ नोव्हेंबर १९३६